फरकावर जगणारे जीव

एप्रिल २०२५ मध्ये ‘परग्रहावर जीवसृष्टी सापडली’ अशा मथळ्यांचा पाऊस पडला. मूळ बातमी एवढीच होती: १२४ प्रकाशवर्षं दूरच्या के२-१८बी या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्या जातकुळीतल्या दुसऱ्या एका वायूची खूण दिसते, असं केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने जेम्स वेब दुर्बिणीच्या नोंदींवरून मांडलं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे तयार होतो. मधुसूदन बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले, त्यामुळे आपल्याकडे उत्साह जरा जास्तच. पण त्यांनी स्वतःच सांगितलं होतं की ही खात्री ‘तीन सिग्मा’ची आहे (खूण निव्वळ योगायोग नसल्याचं हे सांख्यिकी माप) आणि शोध म्हणायला पाच लागतात. इतरांनी त्याच नोंदी पुन्हा तपासल्या तेव्हा खूण आणखी पुसट झाली. शिवाय हाच वायू ६७पी या धूमकेतूतही सापडलेला आहे. धूमकेतूवर शेवाळ वाढतं असं अजून कोणी म्हटलेलं नाही.

माझी तक्रार त्या गटाबद्दल नाही. अमुक रेणू दिसला की जीव दिसलाच, या आपल्या सवयीबद्दल आहे.

ही सवय जुनी आहे. १९५३ मध्ये स्टॅन्ली मिलरने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याच्या वाफेतून विजेच्या ठिणग्या सोडल्या आणि अमिनो आम्लं मिळवली. तेव्हापासून शाळेतल्या पुस्तकांत जीवाची सुरुवात म्हणजे वीज आणि कोमट समुद्र, असं चित्र पक्कं झालं. पण अमिनो आम्लं मिळवणं निसर्गाला अजिबात जड नाही. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या अशनीत ती होती. बेन्नू या लघुग्रहावरून नासाच्या यानाने आणलेल्या मातीत, सजीव वापरतात त्या २० पैकी १४ अमिनो आम्लं आणि डीएनए-आरएनएचे पाचही नत्रयुक्त घटक निघाले. हे जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालं. तरीही बेन्नू निर्जीव आहे.

मग जीवच बाहेरून आला असेल तर? ही कल्पना मराठी वाचकाला नवी नाही. जयंत नारळीकरांनी २००१ मध्ये हैदराबादहून फुगा सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा करवले. २००५ च्या दुसऱ्या फुग्यातून तीन नव्या जातींचे जिवाणू मिळाले. ते पृथ्वीबाहेरचे आहेत असं सिद्ध होत नाही, हे तेव्हाच स्पष्ट सांगितलं गेलं. प्रयोग धाडसी होता, मला तो आवडतोही. पण जीव बाहेरून आला म्हटलं तरी ‘तिकडे तो कसा सुरू झाला’ हा प्रश्न तसाच राहतो.

आता माझ्या आवडत्या गोष्टीकडे येतो. जीव कशाचा बनला आहे, यापेक्षा तो चालतो कशावर, हे विचारून पाहू.

आपल्या पेशी एटीपी नावाच्या रेणूवर चालतात. दिवसभरात आपण साधारण स्वतःच्या वजनाइतकं एटीपी बनवतो आणि मोडतो. ते बनतं कसं, याचा विचार १९६० पर्यंत सगळे नेहमीच्या रसायनशास्त्राच्या चौकटीत करत होते: एक रेणू दुसऱ्याला ऊर्जा देत असणार, मधला दुवा तेवढा शोधायचा. तो दुवा काही सापडेना. १९६१ मध्ये पीटर मिचेल या इंग्रज जीवरसायनशास्त्रज्ञाने म्हटलं की असा दुवा नाहीच. अन्नातून मिळालेली ऊर्जा पेशी एका पातळ पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन ढकलण्यात खर्च करते. हे जमलेले प्रोटॉन परत यायला बघतात, आणि येताना एटीपी बनवून देतात. कोयनेचं अडवलेलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरताना वीज देतं, तसंच हे. मिचेलला बरीच वर्षं कोणी गंभीरपणे घेतलं नाही. प्रकृती बिघडल्यावर त्याने एडिंबराची नोकरी सोडली, कॉर्नवॉलमधला एक जुना वाडा दुरुस्त करून तिथेच प्रयोगशाळा थाटली. १९७८ चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या त्याला मिळालं.

यातले आकडे बघण्यासारखे आहेत. आपल्या पेशींत हे काम तंतुकणिका या सूक्ष्म भागात चालतं. तिचं आतलं पटल जेमतेम ५-६ नॅनोमीटर जाडीचं, आणि त्याच्या दोन बाजूंमध्ये सुमारे १५० मिलिव्होल्टचा फरक. आकडा किरकोळ वाटतो, पण जाडीने भागलं तर हे क्षेत्र दर मीटरला जवळपास ३ कोटी व्होल्ट भरतं. प्रोटॉन ज्या प्रथिनातून परत येतात त्याचा एक भाग खरोखर गरगर फिरतो. आपल्या पेशींत आठ प्रोटॉन आत आले की एक फेरा पूर्ण होतो आणि तीन एटीपी तयार होतात. माणूस, पिंपळ, पोटातले जिवाणू, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच यंत्र आहे.

इथे एक विचित्र गोष्ट लक्षात येते. जिवाणू आणि आर्किया या सजीवांच्या दोन सर्वांत जुन्या शाखा. दोघांच्या पटलातली मेदद्रव्यं वेगळी, डीएनएची नक्कल करणारी मुख्य विकरंही वेगळी. प्रोटॉनचं यंत्र मात्र दोघांकडे आहे. धरणाची भिंत दोघांनी वेगवेगळी बांधली आणि टर्बाइन तेवढं वारशाने मिळालं, असा हा प्रकार. म्हणजे सुरुवातीला प्रोटॉनचा फरक आयता मिळत होता का?

भूशास्त्रज्ञ मायकल रसेल यांचं उत्तर ‘हो’ असं होतं. समुद्रतळाशी ऑलिव्हिन हे खनिज पाण्याशी संयोग पावलं की सर्पेंटाइन बनतं, हायड्रोजन सुटतो आणि पाणी आम्लारिधर्मी होतं. असे कोमट, आम्लारिधर्मी झरे असणार हे त्यांनी आधीच मांडलं होतं. डिसेंबर २००० मध्ये अटलांटिकच्या तळाशी ‘लॉस्ट सिटी’ सापडलं: कार्बोनेटचे पांढरे मनोरे, सर्वांत उंच ६० मीटरचा, पाणी ४० ते ९० अंश सेल्सिअस, सामू (म्हणजे पीएच; तो जितका कमी तितके प्रोटॉन जास्त, ७ च्या खाली आम्ल) ९ ते ११.

चार अब्ज वर्षांपूर्वी समुद्रात भरपूर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला होता, त्यामुळे पाणी किंचित आम्लधर्मी असावं, सामू ६ च्या आसपास. झऱ्याच्या सच्छिद्र भिंतीच्या आत आम्लारी, बाहेर आम्ल. सामूत ३ चा फरक म्हणजे प्रोटॉनच्या संहतीत हजारपट फरक, आणि व्होल्टमध्ये मोजला तर सुमारे १८० मिलिव्होल्ट. पेशी आज मेहनतीने उभा करते तो फरक याच्याच आसपास आहे, आणि दिशाही तीच. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो. २०२० मध्ये प्रयोगशाळेत लोह-निकेलच्या खनिजांच्या सान्निध्यात, पाण्यात, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून फॉर्मेट, अ‍ॅसिटेट आणि पायरुव्हेट हे पेशींच्या रसायनातले रेणूही मिळाले.

आक्षेप आहेत, आणि ते फुटकळ नाहीत. खनिजाच्या भिंती पेशीच्या पटलापेक्षा शेकडो पट जाड असतात. पाण्यात लांब साखळ्या तुटत राहतात. फिरणारं प्रथिन तर फार नंतरचं, मग आरंभी त्या फरकाचा उपयोग करून घेत होतं कोण? जॉन सदरलँड यांच्या गटाने २००९ मध्ये आरएनएचे दोन घटक वेगळ्याच वाटेने बनवले. त्या वाटेला अतिनील किरण लागतात, म्हणजे जमिनीवरची उथळ तळी. मी झऱ्यांच्या बाजूचा आहे, पण हा वाद मिटलेला नाही.

झऱ्यांची बाजू खरी असेल तर सूर्यप्रकाश नसला तरी चालेल. ओला खडक हवा. आणि तो शनीच्या एन्सेलॅडस या चंद्रावर असावा. साडेसातीच्या भीतीने आपण ज्या शनीला तेल वाहतो, तो सूर्यापासून सुमारे १४० कोटी किलोमीटरवर आहे. कोणाची बढती अडवण्याचं यंत्र तिथे आढळलेलं नाही. पण ५०४ किलोमीटर व्यासाच्या त्याच्या या चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरून पाण्याचे फवारे उडतात, हे कॅसिनी यानाने २००५ मध्ये पाहिलं. २८ ऑक्टोबर २०१५ ला ते पृष्ठभागापासून फक्त ४९ किलोमीटरवरून फवाऱ्यातून गेलं. त्यात हायड्रोजन मिळाला, घनफळाने ०.४ ते १.४ टक्के. आधी सिलिकाचे सूक्ष्म कण मिळाले होते, ते ९० अंशांहून गरम पाण्याची साक्ष देतात. २०२३ मध्ये जुन्या नोंदींत फॉस्फेटही दिसलं.

आता हायड्रोजन मिळाला म्हणून नाचायचं का? पृथ्वीवर हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन बनवून जगणारे आर्किया आहेत. तिथे अन्न भरपूर आहे ही एक बाजू. पण भरपूर उरलंय, याचा अर्थ खाणारं कोणी नाही असाही निघू शकतो.

कॅसिनीची उपकरणं यावर निकाल देऊ शकणारी नव्हती, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये तेही शनीत बुडवलं गेलं, कारण त्यावरचे पृथ्वीचे जंतू एन्सेलॅडसवर पोचायला नको होते. युरोपीय अवकाश संस्थेच्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये पुढच्या मोठ्या मोहिमेसाठी याच चंद्राची शिफारस केली. उड्डाण २०४० च्या दशकात आणि पोचायला आणखी दहा-एक वर्षं. मला त्या यानाकडून एकच मोजमाप मागायची मुभा असती तर अमिनो आम्लांमधलं डाव्या आणि उजव्या, म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या, रूपांचं प्रमाण मागितलं असतं. सजीवांची प्रथिनं जवळपास फक्त डावी रूपं वापरतात. बेन्नूच्या मातीत दोन्ही जवळपास समसमान निघाली.