मूठभर धान्य ते दोन टक्के : संस्थांच्या देणग्यांची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील स्वयंसेवी संस्थांच्या निधीची चर्चा आज बहुधा कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीपासून, म्हणजेच सीएसआरपासून सुरू होते. त्याआधीची शंभर वर्षे या संस्था कशावर चालल्या, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. वास्तविक देणगी मागण्याची, देणगीदाराशी नाते टिकवण्याची आणि त्याला हिशेब देण्याची एक पक्की रीत या प्रदेशात तयार झाली होती आणि ती घडवणारी माणसे प्रामुख्याने शिक्षणाच्या क्षेत्रातील होती.

1860 च्या संस्था नोंदणी कायद्याने सार्वजनिक कामाला एक औपचारिक चौकट मिळाली. सुरुवातीच्या शिक्षणसंस्थांची भिस्त मुख्यतः संस्थानिक, सरदार आणि व्यापारी यांच्या मोठ्या देणग्यांवर होती. धोंडो केशव कर्वे यांना मात्र हा मार्ग सहज खुला नव्हता. त्यांनी 1893 मध्ये एका विधवेशी विवाह केला होता आणि 1896 मध्ये पुण्यात विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. ज्या समाजाकडे हात पसरायचा, त्यातील मोठ्या वर्गाला हे कामच अमान्य होते. अशा परिस्थितीत देणगी मागणे म्हणजे आधी माणसाचे मन वळवणे होते. त्याची सुरुवात कर्व्यांनी स्वतःपासून केली. आपली शिल्लक आणि विम्याची पॉलिसी त्यांनी संस्थेच्या स्वाधीन केली. त्यापूर्वीही आपल्या मुरूड गावासाठी त्यांनी ‘मुरूड फंड’ उभा केला होता आणि त्यात गावच्या मंडळींनी उत्पन्नाचा काही हिस्सा नियमाने द्यावा अशी योजना होती. आजच्या मासिक देणगी योजनेचे मूळ तेथे दिसते, असे मला वाटते.

रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी पुण्याजवळ हिंगण्याला सहा एकर जमीन आणि 750 रुपये दिले आणि 1900 मध्ये आश्रम तेथे गेला. परंतु जागा मिळाल्याने रोजचा खर्च भागत नाही. तो भागवण्यासाठी कर्वे सुट्ट्यांमध्ये गावोगाव फिरत. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांचे काम याहून अवघड होते. स्वतः विधवा असलेली ही स्त्री परक्या गावी सभेत उभी राहून संस्थेची माहिती देई आणि वर्गणी मागे. 1918 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि तेथे घरकाम करून पोट भरत त्यांनी इंग्रजी शिकण्याचा आणि संस्थेसाठी मदत मिळवण्याचा प्रयत्न केला. निधी संकलनाच्या इतिहासात त्यांचे नाव आज फारसे घेतले जात नाही, हे मला फार खटकते, कारण संस्थेच्या कामाचा सर्वांत मोठा पुरावा म्हणून देणगीदारासमोर त्या स्वतः उभ्या राहिल्या होत्या.

याच संस्थेने रुजवलेला भाऊबीज निधी हा देणगीदाराशी नाते जोडण्याचा अत्यंत विचारपूर्वक केलेला उपक्रम होता. दिवाळीत बहिणीला ओवाळणी घालण्याची रीत घराघरात होतीच. त्या ओवाळणीतला वाटा संस्थेतील मुलींसाठी मागायचा, पावती द्यायची आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा त्याच दारी जायचे. रक्कम लहान असली तरी संबंध दरवर्षी नवा होत असे. याच्या उलट टोकाला 1920 ची एक देणगी आहे. विठ्ठलदास ठाकरसी यांनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख रुपये दिले आणि 1916 मध्ये सुरू झालेल्या त्या विद्यापीठाला त्यांच्या आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. तरीही कर्व्यांची भ्रमंती थांबली नाही. सत्तरी उलटल्यावर त्यांनी युरोप, अमेरिका आणि जपानचा आणि त्यानंतर आफ्रिकेचा दीर्घ दौरा केला.

कर्व्यांच्या कामाच्या सुरुवातीच्या काळातच अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून वर्षाला एक पैसा जमवण्याची पैसा फंडाची कल्पना मांडली. तिला लोकमान्य टिळकांचा पाठिंबा मिळाला आणि त्या पैशांतून 1908 मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हा ज्यांच्या मुलांसाठी ती होती त्यांच्या हाती रोकड फारशी नव्हती. म्हणून मुष्टिफंड आला. दळणाच्या वेळी घरातील बाईने मूठभर धान्य बाजूला काढावे आणि ते वसतिगृहाला द्यावे, अशी ती रीत. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडले, हेही त्याच हिशेबातले दान होते. धान्य देणाऱ्या घराला शाळा आपली वाटू लागे, आणि पुढे काही काळ सरकारी अनुदान बंद झाले तेव्हा याच आपलेपणाचा संस्थेला आधार मिळाला.

स्वातंत्र्यानंतर व्यवहाराला कायद्याची शिस्त आली. 1950 च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने संस्था धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीखाली आल्या आणि आयकराच्या कलम 80जी खाली देणगीदाराला सवलत मिळू लागली. लोकसंग्रहाची जुनी रीत मात्र चालू राहिली. 1980 च्या दशकात सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले, जमलेल्या निधीच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन देण्याची ती योजना होती. कार्यकर्त्याच्या पोटापाण्यासाठी उघडपणे पैसे मागणे हे त्या काळी धाडसाचे होते आणि आजही बहुतेक देणगीदार इमारतीला जितक्या आनंदाने देतात तितक्या आनंदाने पगाराला देत नाहीत.

विदेशी निधीवर 1976 मध्ये पहिला नियमन कायदा आला आणि 2010 मध्ये नवा. 2020 च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आणली आणि मोठ्या संस्थेने लहान संस्थेला विदेशी निधी पुढे देण्यावर बंदी घातली. दरम्यान 2013 च्या कंपनी कायद्यातील कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे आवश्यक झाले; ही तरतूद 1 एप्रिल 2014 पासून लागू झाली. रक्कम मोठी असते, पण ती प्रकल्पाला बांधलेली असते आणि प्रकल्प संपला की कंपनीचे लक्ष दुसरीकडे वळू शकते.

लहान देणगीदाराचे महत्त्व त्यामुळे पुन्हा वाढले आहे. ‘लोकसत्ता’ने 2011 मध्ये सुरू केलेल्या ‘सर्वकार्येषु सर्वदा’ या उपक्रमात गणेशोत्सवाच्या काळात निवडक संस्थांची ओळख वाचकांना करून दिली जाते आणि वाचक आपली देणगी पाठवतात. नियम मात्र आता निनावी दानाला अनुकूल नाहीत. 2000 रुपयांहून अधिक रोख देणगीवर 80जी ची सवलत मिळत नाही, आणि ती मिळण्यासाठी संस्थेला देणगीदारांचा तपशील दरवर्षी आयकर खात्याला कळवावा लागतो. मुष्टिफंडातील धान्याची नोंद कोणत्याही अर्जात बसली नसती. परंतु देणाऱ्याचे नाव, पत्ता आणि दरवर्षीचा संपर्क जपण्याची जी सवय भाऊबीज निधीच्या पावतीपुस्तकांनी लावली, ती ज्या संस्थांनी सोडली नाही, त्यांना हा नवा तपशील भरणे तुलनेने सोपे जाते.