पिल्लाचे पाय पाळण्यात

पिल्लू घरी आलं की कुणीतरी जाणकार त्याचा पंजा हातात घेतो आणि निकाल देतो, ‘हे दांडगं होणार!’ ही रीत जुनी आहे आणि अगदीच खोटीही नाही. मोठा पंजा मोठ्या हाडापेराची खूण असतो, पण किलोंचा आकडा त्यातून निघत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुत्र्यांची प्रदर्शनं भरू लागली, जातवार उंची कागदावर आली आणि आईबाप पाहून अंदाज बांधणं सोपं झालं. लहानमोठेपणाचं गूढ मात्र २००७ साली थोडं उकललं. वाढीच्या संप्रेरकाशी निगडित आयजीएफ-१ जनुकाचं एक रूप जवळजवळ सगळ्या लहान जातींत सापडलं. ते माणसानं पैदाशीतून घडवलं असावं, असा समज होता. २०२२ मध्ये तेच लहानखुरं रूप ५४,००० वर्षांपूर्वीच्या लांडग्याच्या अवशेषांत मिळालं. म्हणजे चिवावा या इवल्याशा जातीचा मालमसाला लांडग्यातच होता, माणसानं तो फक्त निवडून घेतला.

मासे-कासवांच्या वाट्याला गैरसमजच जास्त आले. गोल्डफिश भांड्याएवढाच वाढतो, असं अजूनही छातीठोकपणे सांगतात. खरं तर जागा मिळाली तर तो ३० सेंटिमीटरपर्यंत जातो. भांड्यात तो खुरटतो, कारण स्वतःच्याच घाणीच्या पाण्यात त्याला दिवस काढावे लागतात. नाण्याएवढं घेतलेलं लाल कानाचं कासवही, मादी असेल तर, ताटाएवढं होतं.

आता ‘पूर्ण वाढ’ या शब्दाकडे, कारण सगळा घोळ इथेच आहे. उंची आधी थांबते. अंग भरत राहतं. लहान जातीचं कुत्रं आठ-दहा महिन्यांत पुरतं वाढतं, तर ग्रेट डेनसारख्याला दीड-दोन वर्षं लागतात. त्यामुळे ‘वर्षाचा झाला, आता मोठाच’ हे वाक्य एका घरात खरं आणि शेजारच्या घरात खोटं ठरतं. मोठ्या जातीच्या पाच महिन्यांच्या पिल्लाच्या पुढच्या पायावर, पंजाच्या जरा वर बोटं फिरवून पाहा. तिथे टणक, फुगीर गाठ लागते. ती सूज नव्हे. तिथेच हाड लांब करणारी कूर्चेची पट्टी, म्हणजे ग्रोथ प्लेट असते. एक्स-रेमध्ये ती काळ्या रेघेसारखी दिसते. रेघ मिटली की त्या हाडाची लांबी ठरली.

नसबंदीचा वाद या रेघेभोवतीच फिरतो. बेवारस पिल्लांची संख्या आवरायला अनेक निवाऱ्यांनी दोन-तीन महिन्यांच्या पिल्लांवरही शस्त्रक्रिया सुरू केल्या, आणि त्यामागची निकड खरी होती. पण ग्रोथ प्लेट मिटवण्याचा इशारा लैंगिक संप्रेरकं देतात. १९९१ च्या एका अभ्यासात सात आठवड्यांच्या आणि सात महिन्यांच्या पिल्लांची नसबंदी केली, तेव्हा दोन्ही गटांत पट्ट्या उशिरा मिटल्या. ‘नसबंदीनं वाढ खुंटते’ हा समज त्यामुळे उलटा पडला. पुढे २०१३ मध्ये गोल्डन रिट्रीव्हरवर आणि २०२० मध्ये ३५ जातींवर झालेल्या कामातून दिसलं की अनेक मोठ्या जातींत लवकर नसबंदी केल्यास सांध्यांचे विकार वाढतात. लहान जातींत तसा फरक आढळला नाही. तरीही सहाव्या महिन्यात नसबंदी करण्याचा सरसकट नियम अनेक वर्षं चालत राहिला. तो कुत्र्याच्या हाडापेक्षा वेळापत्रकाच्या सोयीचा होता, असं माझं मत आहे. निवाऱ्यातल्या पिल्लाचा आणि घरातल्या पिल्लाचा हिशेब एकच धरल्याची किंमत मोठ्या कुत्र्यांनी मोजली.

खाण्याचं प्रकरण त्या मानानं लवकर मिटलं. भरपूर खाऊ घातलं की कुत्रं थोराड होतं, ही समजूत १९७० च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांवरच्या प्रयोगांनी मोडली. मनसोक्त खाणाऱ्या पिल्लांची हाडं बिघडली.

मांजरांत फारसं कोडं नाही. बहुतेकांची वाढ वर्षभरात आटोपते. मेन कून या थोराड जातीला मात्र तीन-चार वर्षं लागतात.

माणसाच्या बाळांसाठी असतात तसे वयानुसार वजनाचे तक्ते पिल्लांसाठी २०१७ साली आले. ‘चार महिन्यांचं वजन दुप्पट करा’ या मध्यम कुत्र्यांपुरत्या आडाख्यापेक्षा ते कितीतरी बरे. आठवड्याला वजन करून ठिपका मांडला की पिल्लू आपल्या रेषेवर आहे की नाही ते कळतं. अडचण एवढीच की हे तक्ते ४० किलोपर्यंतच्या कुत्र्यांसाठी आहेत, आणि ‘हे किती मोठं होईल?’ हा प्रश्न सर्वांत काळजीनं विचारणाऱ्यांचं पिल्लू बहुधा त्याच्या वरचं असतं.