हॅना गॅड्सबी: ‘नॅनेट’मागचा टास्मानिया

जून २०१८ मध्ये ‘नॅनेट’ हा स्टँड-अप विनोदाचा प्रयोग नेटफ्लिक्सवर आला आणि तो सादर करणाऱ्या हॅना गॅड्सबी यांचं नाव जगभर झालं. ऑस्ट्रेलियात मात्र ते तोवर जुनं होतं. २००६ साली ‘रॉ कॉमेडी’ ही नवोदितांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकून गॅड्सबी यांनी स्टँड-अपमध्ये पाऊल टाकलं. पुढे ‘प्लीज लाइक मी’ या मालिकेमुळे चेहराही ओळखीचा झाला. पण ‘नॅनेट’चं मूळ त्याहून मागे, टास्मानिया या ऑस्ट्रेलियाच्या बेट-राज्यात आहे.

गॅड्सबी यांचा जन्म १९७८ चा, बेटाच्या वायव्येकडच्या स्मिथटन या लहान गावातला. पाच भावंडांतलं हे शेंडेफळ. तेव्हा टास्मानियात पुरुषांमधले समलैंगिक संबंध हा गुन्हा होता आणि शिक्षा २१ वर्षांपर्यंत होऊ शकत होती. १९८८ मध्ये होबार्टच्या सलामांका बाजारात कायदा बदलावा म्हणून सह्या गोळा करणारा स्टॉल लागला, तर पोलिसांनी शंभरावर माणसं उचलली. समलैंगिकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या निकोलस टूनन यांनी प्रकरण थेट संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपुढे नेलं. १९९४ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने कौल दिला, तरी कायदा हटायला १९९७ उजाडलं. हे करणारं टास्मानिया हे ऑस्ट्रेलियातलं शेवटचं राज्य. गॅड्सबी यांचं शाळकरी वय नेमकं या वादात गेलं. कायदा पुरुषांपुरता होता खरा, पण गावातली कुजबुज एवढा बारीक भेद करत नाही.

मंचावर हाच अनुभव विनोद होऊन आला, आणि त्यात हसं व्हायचं ते स्वतःचंच. एक किस्सा बसथांब्यावरचा. गॅड्सबी एका मुलीशी बोलत असताना तिचा मित्र अंगावर धावून येतो. कोणी पुरुष तिला पटवतोय असा त्याचा समज. समोर बाई आहे हे कळल्यावर तो ओशाळतो. हशा! ‘नॅनेट’मध्ये किस्सा आधी असाच येतो. शेवटाकडे तो पुन्हा येतो तेव्हा गाळलेला भाग कळतो: तो माणूस परत आला होता आणि त्याने बेदम मारलं होतं. पोलिसांत तक्रार नाही, दवाखाना नाही. हशा मिळावा म्हणून गोष्ट अर्ध्यावर तोडावी लागते, म्हणून विनोद सोडते, असं तिथे जाहीर होतं.

या प्रयोगाला २०१७ मध्ये मेलबर्नच्या विनोद महोत्सवाचा ‘बॅरी’ पुरस्कार आणि एडिनबराच्या विनोद पुरस्कारांत विनोदवीर जॉन रॉबिन्स यांच्यासोबत विभागून पहिलं बक्षीस मिळालं. त्याच वर्षी समलिंगी विवाहावर ऑस्ट्रेलियाने टपालाने कौल घेतला, ६१.६ टक्के लोकांनी होकार दिला. २०१९ मध्ये ‘नॅनेट’च्या लेखनाला एमी हा अमेरिकेतला टीव्ही पुरस्कारही मिळाला.

विनोद काही सुटला नाही. २०२० चा ‘डग्लस’ हा पुढचा प्रयोग स्वतःच्या ऑटिझमविषयी आहे. त्यात पुढे काय येणार ते सगळं सुरुवातीलाच प्रेक्षकांना सांगून टाकायचा आणि तरीही हसवायचं. कारागिरीत मला तो ‘नॅनेट’पेक्षा उजवा वाटतो. गॅड्सबी यांची पदवी कलेच्या इतिहासातली, ‘नॅनेट’मध्ये पिकासोची झाडाझडतीही होती. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममधल्या पिकासोवरच्या प्रदर्शनाच्या मांडणीत गॅड्सबी यांचा सहभाग होता. समीक्षकांनी ते चांगलंच धोपटलं.