मावळंकर, गणेश वासुदेव

गणेश वासुदेव मावळंकर (२७ नोव्हेंबर १८८८ – २७ फेब्रुवारी १९५६) हे अहमदाबादचे नामवंत वकील, गांधी-पटेलांचे सहकारी आणि स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष. सार्वजनिक जीवनात ते ‘दादासाहेब’ म्हणून ओळखले जात. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यातल्या मावळंगे गावचे. आडनाव त्यावरूनच पडले. मराठीत ते ‘मावळणकर’ असेही लिहिलेले आढळते. आपल्या संसदेचे कामकाज आज ज्या चाकोरीतून चालते, तिचा बराचसा भाग या कोकणी मुळाच्या, गुजरातेत वाढलेल्या माणसाने आखून दिला आहे. महाराष्ट्रात त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही, याची खंत वाटते.

जन्म बडोद्याचा. सुरुवातीचे काही शिक्षण राजापूरला झाले. पुढच्या शिक्षणासाठी १९०२ मध्ये ते अहमदाबादला आले आणि तेथलेच झाले. गुजरात कॉलेजातून १९०८ मध्ये बी.ए. झाल्यावर वर्षभर ते त्याच कॉलेजात दक्षिणा फेलो (शिष्यवृत्ती मिळालेले पदवीधर) होते. मुंबईच्या सरकारी लॉ स्कूलमधून १९१२ मध्ये ते कायद्याची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि १९१३ मध्ये अहमदाबादेत वकिली सुरू केली. घरात मराठी, कोर्टात आणि बाजारात गुजराती, कायद्याची पुस्तके इंग्रजीत. तिन्ही भाषा त्यांनी आयुष्यभर सहज वापरल्या. लेखन मात्र बरेचसे गुजरातीत केले.

त्या काळी अहमदाबादचे वकील संध्याकाळी भद्र भागातल्या गुजरात क्लबात जमत. गप्पा होत, ब्रिजचे डाव रंगत. दक्षिण आफ्रिकेतून परतलेले गांधी एकदा तेथे आले, तेव्हाचा प्रसंग मावळंकरांनी स्वतः सांगून ठेवला आहे. बॅरिस्टर वल्लभभाई पटेल पत्ते खेळत होते आणि मावळंकर शेजारी बसून डाव पाहत होते. गांधी आल्याचे कळताच मावळंकर उठले. वल्लभभाईंनी त्यांना टोकले : गव्हातले खडे कसे निवडायचे एवढेच तो माणूस विचारील, आणि म्हणे त्याने स्वराज्य मिळणार! तरीही मावळंकर ऐकायला गेले. टोकणारे वल्लभभाईही फार काळ मागे राहिले नाहीत, हे सर्वश्रुत आहे.

मावळंकर १९१६ पासून गुजरात सभा या राजकीय संस्थेचे चिटणीस होते. पुढे या सभेचे अध्यक्षपद गांधींकडे आले. १९१८ च्या खेडा सत्याग्रहात या चिटणीसपदाचे काम किती जोखमीचे आहे ते दिसले. अतिवृष्टीने खरीप बुडाले होते. आणेवारी, म्हणजे पूर्ण पीक सोळा आणे धरून केलेला पिकाचा अंदाज, चार आण्यांच्या खाली गेली तर त्या वर्षीचा सारा तहकूब करावा, असा सरकारचाच नियम होता. शेतकरी म्हणत पीक चार आण्यांहून कमी. महसूल खात्याचे आकडे त्याहून जास्त. सभेने शेतकऱ्यांना सारा थांबवण्याचा सल्ला दिला आणि अधिकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. या लढ्याचे बळ एका साध्या गोष्टीत होते. मागणी दयेची नव्हती. सरकारने स्वतः केलेला नियम सरकारने पाळावा, एवढेच मागणे होते. मावळंकरांच्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीत हेच सूत्र दिसते : ज्याच्या हाती सत्ता आहे, त्याला त्याच्याच नियमाने बांधायचे.

असहकाराच्या काळात त्यांनी चालती वकिली बाजूला ठेवली. डिसेंबर १९२१ मध्ये अहमदाबादला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागत समितीचे सरचिटणीस तेच होते. शहराच्या नगरपालिकेत ते १९१९ मध्ये निवडून गेले आणि १९३० ते १९३३ व १९३५-३६ असे दोनदा तिचे अध्यक्ष झाले. सविनय कायदेभंग, वैयक्तिक सत्याग्रह आणि ‘छोडो भारत’ या तिन्ही पर्वांत त्यांनी कारावास भोगला. तुरुंगात राजबंद्यांखेरीज खून-दरोड्याचे कैदीही असत. वकिलाने या कैद्यांपाशी बसून त्यांच्या हकिगती ऐकल्या आणि ‘मानवतानां झरणां’ या गुजराती पुस्तकात त्या लिहिल्या. गुन्हेगार ठरलेल्या माणसांतला ओलावा टिपणारे हे पुस्तक वाचल्यावर, पुढे सभागृहात एकट्या पडलेल्या सदस्याला ते बोलायला वेळ का देत, हे कळायला मदत होते.

विधिमंडळात ते आले १९३७ मध्ये. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ बनले आणि विधानसभेचे अध्यक्षपद मावळंकरांकडे सोपवले गेले. १९३९ च्या अखेरीस काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिल्यावर विधानसभेचे काम थांबले. अध्यक्षपद नावापुरते त्यांच्याकडेच राहिले, आणि त्यातला काही काळ हे अध्यक्ष तुरुंगात होते.

दिल्लीतला त्यांचा प्रवेश चुरशीचा ठरला. २४ जानेवारी १९४६ रोजी मध्यवर्ती विधिमंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. काँग्रेसतर्फे मावळंकर उभे होते, समोर मुंबईचे सर कावसजी जहांगीर. सरकारी आणि नियुक्त सदस्य जहांगीरांच्या मागे होते, मुस्लिम लीगही त्यांच्याच बाजूने होती. मावळंकरांना ६६ मते पडली आणि जहांगीरांना ६३. दोन माणसे इकडची तिकडे गेली असती तरी निकाल फिरला असता.

ब्रिटिश अमदानीतले ते शेवटचे मध्यवर्ती विधिमंडळ १४-१५ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री संपले आणि त्याबरोबर त्याच्या अध्यक्षांचे पदही गेले. आता संविधान सभा हीच देशाची कायदे करणारी सभाही झाली. एकाच सभेने ही दोन कामे कशी करावीत? याचा विचार करायला नेमलेल्या समितीचे अध्यक्ष मावळंकर होते. दोन्ही कामे वेगळी ठेवावीत, संविधानाचे काम चालेल तेव्हा डॉ. राजेंद्रप्रसादांनी आसनावर बसावे आणि कायदे करण्याच्या बैठकींसाठी वेगळा अध्यक्ष असावा, अशी व्यवस्था ठरली. त्यानुसार १७ नोव्हेंबर १९४७ रोजी मावळंकर अध्यक्ष झाले. २६ जानेवारी १९५० नंतर हंगामी संसदेतही तेच या आसनावर राहिले.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते अहमदाबादहून लोकसभेत गेले. १५ मे १९५२ रोजी अध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि ती बिनविरोध झाली नाही. विरोधकांनी शेतकरी कामगार पक्षाचे, सोलापूरहून निवडून आलेले शंकरराव मोरे यांना उभे केले. मोरेही वकीलच. ३९४ विरुद्ध ५५ मतांनी मावळंकर निवडून आले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभेतील ही पहिली मोठी लढत दोन मराठी वकिलांत झाली, हे आवर्जून नोंदवण्यासारखे आहे.

अध्यक्ष म्हणून त्यांचे खरे काम समित्यांच्या उभारणीत दिसते. १९५० मध्ये अंदाज समिती स्थापन झाली आणि मंत्रालयांच्या खर्चाची बारकाईने तपासणी सुरू झाली. १९५२ मध्ये कामकाज सल्लागार समिती आली. कोणत्या विधेयकाला किती तास द्यायचे हे सर्व पक्ष एकत्र बसून ठरवू लागले. १९५३ मध्ये दुय्यम विधिविधानाची, म्हणजे कायद्याखाली सरकार जे नियम काढते त्यांची, छाननी करणारी समिती निघाली.

त्याच वर्षीची शासकीय आश्वासनांवरची समिती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रश्नोत्तराच्या तासात मंत्री उभा राहतो आणि म्हणतो, ‘माहिती मागवली आहे, आली की सभागृहापुढे ठेवू’, किंवा ‘या बाबतीत सरकार विचार करीत आहे’. सदस्य खाली बसतो, वर्तमानपत्रात दोन ओळी येतात आणि विषय संपतो. या समितीने अशी वाक्ये कामकाजाच्या वृत्तान्तातून वेचून काढायची, त्यांची नोंद ठेवायची आणि त्या त्या खात्याला विचारायचे : शब्द दिला होता, त्याचे काय झाले? साक्षीदाराची जबानी कागदावर उतरली की ती त्याला बांधते, हे कोर्टात वर्षे काढलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही.

तहकुबी सूचनांच्या, म्हणजे ठरलेले कामकाज थांबवून तातडीचा विषय चर्चेला घेण्याच्या मागण्यांच्या, बाबतीत मात्र ते विरोधकांना कठोर वाटत. २१ मार्च १९५० च्या निर्णयात त्यांनी मांडले की परक्या, सभागृहाला जबाबदार नसलेल्या सरकारपुढे गाऱ्हाणे मांडायला तहकुबी सूचना हे सदस्यांच्या हातातले मोठे साधन होते. आता सरकार सभागृहाला जबाबदार आहे, चर्चेच्या इतर वाटा खुल्या आहेत, तेव्हा नेहमीचे कामकाज बाजूला सारणारे हे साधन क्वचितच वापरावे. तर्क पक्का आहे. तरी बहुमत इतके प्रचंड असताना विरोधकांचे एक हत्यार बोथट झाले, ही तक्रारही खोटी म्हणता येणार नाही.

सरकारशी त्यांचा सर्वांत गंभीर मतभेद अध्यादेशांवरून झाला. संविधानाच्या १२३ व्या अनुच्छेदाप्रमाणे संसदेचे अधिवेशन चालू नसताना राष्ट्रपती अध्यादेश काढू शकतात. तो कायद्याइतकाच लागू असतो; संसद पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत मंजुरी मिळाली नाही तर तो संपतो. हंगामी संसदेच्या काळातच सरकारला या सोयीची सवय लागत आहे, असे मावळंकरांना दिसले. २५ नोव्हेंबर १९५० रोजी त्यांनी याविषयी सरकारला लिहिले. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा : अध्यादेश काढण्याची रीतच मुळात लोकशाहीला धरून नाही. एखादा अध्यादेश योग्य असेल-नसेल, पण असे अध्यादेश एकामागून एक निघू लागले की कारभार अध्यादेशांवरच चालतो अशी लोकांची समजूत होते, संसदेला गृहीत धरले जाते आणि ते निकोप परंपरा घडायला मारक आहे. १९५४ मध्ये त्यांनी हा मुद्दा पुन्हा नेहरूंपुढे मांडला. अत्यंत निकड असेल तरच अध्यादेश काढावा, आणि पहिल्या लोकसभेवर परंपरा घालून देण्याची जबाबदारी आहे, असे त्यात होते. नेहरूंची अडचणही खरी होती. संसदीय पद्धतीत विधेयकाला वेळ लागतो आणि काही गोष्टी तेवढ्या थांबू शकत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. पत्रांचा सूर दोन्हीकडून आदराचा राहिला, पण आपल्याच पक्षाच्या, देशातल्या सर्वांत लोकप्रिय नेत्याला अध्यक्षाने लेखी सांगितले की हे बरोबर नाही.

ही भीती अनाठायी नव्हती. पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारमधल्या अध्यादेशांचा अभ्यास केला, तेव्हा १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश निघाल्याचे आढळले. त्यांतले कित्येक विधानसभेपुढे न नेता पुन्हा पुन्हा काढून वर्षानुवर्षे जिवंत ठेवले होते. त्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये या प्रथेला संविधानाची फसवणूक ठरवले. मावळंकरांच्या पहिल्या पत्राला तेव्हा ३६ वर्षे झाली होती.

१८ डिसेंबर १९५४ रोजी त्यांच्यावरच आरोपी होण्याची पाळी आली. लोकसभेचे सदस्य विघ्नेश्वर मिसिर यांनी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव मांडला. तहकुबी सूचनांना संमती देण्याची आणि प्रश्न नाकारण्याची त्यांची पद्धत पाहता ते निःपक्षपाती राहिलेले नाहीत, असा ठरावाचा आशय होता. अशा वेळी अध्यक्षाने आसनावर बसू नये असे संविधान सांगते. उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार यांनी कामकाज चालवले. ज्यांनी इतकी वर्षे वेळ वाटून दिला, त्यांच्याच वर्तनावर बाके वाजत होती, टीका होत होती. नेहरूंनी या वेळी आपल्या सदस्यांना सांगितले की या ठरावावर पक्षादेश नाही, प्रत्येकाने आपल्या बुद्धीप्रमाणे मत द्यावे. पण ठरावावर ते स्वतः अतिशय संतापून बोलले. ठराव फेटाळला गेला. लोकसभेच्या अध्यक्षाविरुद्ध चर्चेला आलेला हा पहिलाच ठराव होता.

अध्यक्षाने पक्ष सोडावा का, या प्रश्नावर त्यांचे मत व्यवहारी होते. ब्रिटनमध्ये अध्यक्ष पक्षापासून पूर्ण वेगळा होतो, कारण त्याच्या मतदारसंघात त्याला सहसा मोठा विरोध होत नाही. भारतात तो संकेत रुजलेला नसताना अध्यक्षाने पक्ष सोडणे म्हणजे पुढची निवडणूक सोडण्यासारखे. म्हणून पक्षाचे सदस्यत्व ठेवावे, पण पक्षाच्या बैठकी, वाद आणि प्रचार यांपासून लांब राहावे, असे ते म्हणत. अध्यक्षाविरुद्ध उमेदवार देऊ नये हा संकेत रुजावा म्हणून त्यांनी पीठासीन अधिकाऱ्यांच्या, म्हणजे देशातल्या विधिमंडळांच्या अध्यक्षांच्या, परिषदेतूनही प्रयत्न केले. पक्षांनी तो मानला नाही, आणि हा प्रश्न अजून तसाच आहे.

संसदेबाहेर कस्तुरबा स्मारक निधी, गांधी स्मारक निधी आणि अहमदाबादच्या शिक्षणसंस्था यांचे काम त्यांनी अखेरपर्यंत पाहिले. लोकसभेचा कार्यकाळ चालू असतानाच २७ फेब्रुवारी १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. ८ मार्चला अय्यंगार अध्यक्ष झाले. रिकाम्या झालेल्या अहमदाबादच्या जागेवर त्यांच्या पत्नी सुशीलाबाई बिनविरोध निवडून आल्या. चिरंजीव पुरुषोत्तम मावळंकर हे राज्यशास्त्राचे प्राध्यापक. १९७२ मध्ये अहमदाबादच्या पोटनिवडणुकीत ते अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले, आणि आणीबाणीत विरोधी बाकांवरचे बहुतेक नेते तुरुंगात असताना तिच्याविरुद्ध सभागृहात उभे राहून बोलले.