अडगळीतला संगणक आणि ऑफिसचा सर्व्हर: एक खुलासा

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या लहान ऑफिसांतूनही एक समज अनेक वर्षे ऐकू येतो: लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम कशावरही चालते, तेव्हा सर्व्हरसाठी अडगळीतला संगणक पुरेसा आहे. यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. डेस्कटॉपविना, म्हणजे खिडक्या-चिन्हांच्या पडद्याविना, बसवलेल्या डेबियन या लिनक्सच्या प्रकाराला 512 एमबी मेमरीही चालते, आणि दहा-बारा जणांना सांबा या नेटवर्कवर फाइली वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरवरून फाइली पुरवताना जुन्या प्रोसेसरवरही फारसा ताण येत नाही. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, कारण घात होतो तो बहुधा वर्षानुवर्षे फिरलेल्या हार्ड डिस्कमुळे, कपॅसिटर फुगलेल्या पॉवर सप्लायमुळे किंवा अचानक गेलेल्या विजेमुळे. एक्स्ट4 ही लिनक्सची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत; वीज गेल्यावर तिचे जर्नल (बदलांची आगाऊ नोंद) त्या फाइल सिस्टिमची रचना सावरते. अर्धवट लिहिली गेलेली हिशेबाची फाइल ते पूर्ण करून देत नाही. म्हणून पैसे आधी रेड 1 साठी (एकच माहिती दोन डिस्कांवर एकाच वेळी लिहिण्याच्या पद्धतीसाठी) दोन नव्या डिस्कांवर आणि यूएसबीने सर्व्हरला जोडता येणाऱ्या यूपीएसवर खर्च करावेत, म्हणजे बॅटरी संपत आली की सर्व्हर आपोआप रीतसर बंद होण्याची सोय करता येते. मेमरी 8 जीबी पुष्कळ झाली. मात्र रेड म्हणजे बॅकअप असे मुळीच मानू नये: चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कांवरून एकदमच जाते, त्यामुळे आणखी एक प्रत ऑफिसबाहेर हवीच.