ईजीआरला ‘प्लेट मारण्या’ची पार्श्वभूमी

डिझेल गाडीचा पिकअप गेला, काळा धूर सुरू झाला किंवा चेक लाइट पेटला की ‘ईजीआरला प्लेट मारून टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. ईजीआर (एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन) म्हणजे जळालेल्या वायूचा काही भाग व्हॉल्व्हमधून पुन्हा इंजिनात सोडणारी व्यवस्था. प्लेट म्हणजे गॅस्केटच्या (सांध्यात बसणाऱ्या सीलच्या) आकाराचा, एक-दीड मिलिमीटर जाडीचा स्टीलचा पत्रा. तो व्हॉल्व्हच्या तोंडाशी बसवला की एक्झॉस्टमधून इनटेककडे परत येणारा वायू थांबतो. अॅल्युमिनियमचा पत्रा इथे टिकत नाही. तो ६६० अंशांना वितळतो आणि भरलेली गाडी घाट चढताना एक्झॉस्ट त्याहून जास्त तापू शकतो.

हा वायू परत फिरवण्याची गरज पेट्रोल गाड्यांपासून सुरू झाली. सिलिंडरमधलं तापमान साधारण १५०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की हवेतलेच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नॉक्स (नायट्रोजनची घातक ऑक्साइडं) झपाट्याने तयार होतं. जळून गेलेल्या वायूत ऑक्सिजन कमी आणि उष्णता शोषणारे कार्बन डायऑक्साइड व वाफ जास्त. तो ताज्या हवेत मिसळला की ज्वलनाचा भडका मंदावतो. अमेरिकेत १९७३ च्या मॉडेलांपासून ईजीआर सर्रास आला. युरोपात डिझेल मोटारींवर त्याची सक्ती अशी कधी नव्हती, पण १९९२ च्या युरो-१ या प्रदूषण नियमांपासून मर्यादा कडक होत गेल्या आणि त्या गाठायचा सर्वांत स्वस्त मार्ग हाच होता.

त्या काळातले बरेच व्हॉल्व्ह व्हॅक्यूमवर चालायचे, उदाहरणार्थ फोक्सवॅगनच्या १.९ टीडीआय इंजिनात. तिथे प्लेटचीही गरज नसायची. व्हॅक्यूमच्या नळीत एक छर्रा ढकलला की व्हॉल्व्ह कायमचा बंद.

आपल्याकडे ही सवय खरी रुजली ती कॉमन रेल (एका सामाईक नळीतून उच्च दाबाने इंधन फवारणाऱ्या) डिझेलबरोबर, आणि त्यातही फियाटच्या १२४८ सीसी मल्टिजेटबरोबर. रांजणगाव आणि मानेसर इथे बनलेलं हे इंजिन २००७ च्या डिझेल स्विफ्टपासून २०२० पर्यंत कितीतरी गाड्यांत बसलं. भारत स्टेज ३ (बीएस-३) या प्रदूषण नियमांमध्ये डिझेल मोटारीला किलोमीटरमागे ०.५० ग्रॅम नॉक्सची मुभा होती, स्टेज ४ मध्ये ०.२५. स्टेज ४ एप्रिल २०१० मध्ये आधी तेरा शहरांत आला. महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर. तिथल्या डिझेलमध्ये गंधक ५० पीपीएम, बाहेरच्या पंपांवर ३५० पीपीएमपर्यंत. गंधकयुक्त एक्झॉस्ट थंड झाला की आम्ल तयार होतं आणि ते ईजीआर कूलरला (परत येणारा वायू थंड करणाऱ्या भागाला) आतून खातं.

पण व्हॉल्व्ह तुंबण्याचं मुख्य कारण गंधक नाही. एक्झॉस्टमधली काजळी आणि क्रँककेस ब्रीदरमधून (इंजिनाच्या तळातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) येणारी ऑइलची वाफ इनटेकमध्ये भेटतात आणि डांबरासारखा चिकट थर बसतो. सिग्नलवर तासन्‌तास आयडलिंग, तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या, कधीच नीट न तापणारं इंजिन: शहरी वापरात ईजीआर सर्वांत जास्त उघडा राहतो, म्हणून थरही तिथेच वाढतो. शेवटी व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकतो. मग हवा कमी पडते, गाडी ओढत नाही आणि काळा धूर सुटतो.

प्लेटने ताकद वाढते या गैरसमजाचं मूळ इथेच आहे. पूर्ण अॅक्सिलरेटरवर धडधाकट ईजीआर बंदच असतो, त्यामुळे प्लेटने जास्तीची ताकद येण्याचं कारणच नाही. मालकाला जाणवतो तो अडकलेल्या व्हॉल्व्हने हिरावलेला पिकअप, आणि तो साफसफाईनेही परत येतो. वर धूर कमी दिसतो, म्हणून पीयूसीही सहज मिळते. डिझेलच्या पीयूसीत धुराची अपारदर्शकता मोजतात; नॉक्स मोजतच नाहीत. तो डोळ्यांना दिसत नाही, पण दम्याच्या रुग्णाला भोगावा लागतो आणि ओझोन व सूक्ष्म कणांचा कच्चा माल होतो. प्लेट इतकी वर्षं खपली ती या फटीमुळे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कारखान्यांनीही अशीच फट वापरली. सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झालेल्या फोक्सवॅगन प्रकरणात गाडी चाचणीवर आहे की रस्त्यावर, हे ओळखून सॉफ्टवेअर नॉक्सवरचं नियंत्रण ढिलं करायचं. पुण्याच्या एआरएआय या वाहन चाचणी संस्थेच्या चाचण्यांनंतर भारतात सुमारे ३.२३ लाख गाड्या दुरुस्तीसाठी बोलावल्या गेल्या.

दरम्यान ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, सावध झाला होता. एप्रिल २०१३ पासून ओबीडीचा (गाडीने स्वतःचे बिघाड ओळखण्याच्या यंत्रणेचा) दुसरा टप्पा लागू झाला. ईजीआर उघडल्यावर मास एअरफ्लो सेन्सरने मोजलेली ताजी हवा घटली पाहिजे. ती घटली नाही तर पी०४०१ हा बिघाडाचा कोड येतो. त्याला चकवण्यासाठी प्लेटला छोटं भोक पाडणं सुरू झालं, मग रीमॅप करून (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून) ईजीआरचा नकाशा शून्य करणं आणि कोडच पुसणं. एप्रिल २०२० च्या स्टेज ६ मध्ये मर्यादा ०.०८ ग्रॅमवर आली. ज्या गाड्यांत एससीआर (एक्झॉस्टमध्ये यूरिया फवारून नॉक्स कमी करणारी यंत्रणा) आणि नॉक्स सेन्सर आहे, तिथे ईजीआर बंद केला की यूरियाचा खप वाढतो, आकडे जुळत नाहीत आणि गाडी लिम्प मोडमध्ये (ताकद मुद्दाम कमी केलेल्या अवस्थेत) जाते. मोटार वाहन कायद्याने प्रदूषण नियमभंगाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे.

साफसफाई करायची तर इंजिन थंड असताना, बॅटरीची निगेटिव्ह काढून. व्हॉल्व्ह सोडवा, कार्ब क्लीनर फक्त धातूच्या भागावर मारा; मोटर आणि कनेक्टरला लागू देऊ नका. मऊ ब्रशने घासा, स्क्रूड्रायव्हरने सीट खरवडू नका. चालू इंजिनाच्या इनटेकमध्ये स्प्रे मारणं धोक्याचं: सुटलेला कार्बन सिलिंडरमध्ये जातो, आणि डिझेल इंजिन त्या स्प्रेवरच बेफाम पळू शकतं. बसवताना गॅस्केट नवीन, आणि नंतर स्कॅनरने व्हॉल्व्हचं लर्निंग (ईसीयूला व्हॉल्व्हची जागा नव्याने ओळखू देणं). काही महिन्यांत पुन्हा तुंबला तर टर्बोच्या होजची गळती, इंजेक्टरचं लीक-ऑफ (परत जाणारं डिझेल) आणि ब्रीदर तपासा. जास्तीची काजळी किंवा ऑइल तिथून येत असतं. कूलंट कुठेही न सांडता कमी होत असेल तर आधी ईजीआर कूलर प्रेशर टेस्ट करून घ्या.