सार्वजनिक सुरक्षा उमेदवारी आयोग

सार्वजनिक सुरक्षा उमेदवारी आयोग म्हणजे अग्निशमन दल, पोलीस, रुग्णवाहिका सेवा आणि आपत्कालीन दूरध्वनी कक्ष यांमध्ये तरुण-तरुणींना काम करता करता शिकण्याची संधी देणाऱ्या योजनांवर लक्ष ठेवणारे आणि त्यांविषयी शहराच्या निर्वाचित सभागृहाला सल्ला देणारे नागरी मंडळ. ही संकल्पना मुख्यतः अमेरिकेतील शहरांच्या कारभारातली आहे. 'उमेदवारी' हा शब्द येथे निवडणुकीच्या अर्थाने घेतलेला नाही. कारखान्यात किंवा कार्यशाळेत जाणत्या कामगाराच्या हाताखाली राहून, थोडे वेतन घेत कसब शिकणे हा त्याचा जुना अर्थ येथे अभिप्रेत आहे. भारतातील १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमामुळे तो मराठी वाचकाला परिचित आहे. अशा आयोगाचे नाव, आकार आणि अधिकार सर्वत्र सारखे नसतात. काही ठिकाणी हे काम शहराच्या युवा आयोगाकडे असते, काही ठिकाणी पोलिसांवर देखरेख करणाऱ्या नागरी मंडळाकडे. स्वतंत्र आयोग नेमण्यामागचा विचार असा, की या सेवांच्या दारापर्यंत मुलांना आणणाऱ्या योजना पुष्कळ असतात, पण दारातून आत गेलेल्या मुलांचे पुढे काय झाले हे विचारणारे कोणी नसते.

कल्पनेचा उगम १९६० च्या दशकात आहे. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १९६५ मध्ये नेमलेल्या आयोगाने गुन्हेगारी आणि न्यायव्यवस्था यांविषयीचा आपला अहवाल १९६७ मध्ये सादर केला. पोलीस दलात प्रवेशाचे तीन स्तर असावेत, असे त्यात सुचवले होते. त्यांपैकी पहिला स्तर 'कम्युनिटी सर्व्हिस ऑफिसर' हा होता. हा साधारणपणे १७ ते २१ वर्षांचा तरुण असावा, त्याला गणवेश असावा पण शस्त्र नसावे, त्याने वस्तीतल्या लोकांची कामे करत पोलिसी काम शिकावे आणि पुढे रीतसर अधिकारी व्हावे, अशी ती योजना होती. शालान्त प्रमाणपत्राचा अभाव किंवा किरकोळ गुन्ह्याची नोंद एवढ्यावरून कोणाला नाकारू नये, ही त्यातली भूमिका त्या काळाच्या मानाने फार धाडसी होती. १९६७ च्या उन्हाळ्यात न्यूअर्क आणि डेट्रॉइट येथे दंगली झाल्यानंतर नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८ मध्ये हीच सूचना पुढे नेली. दर दहा पोलीस अधिकाऱ्यांमागे असा एक तरुण घ्यावा आणि त्यावरील खर्चाचा ९० टक्के भार केंद्र सरकारने उचलावा, असे त्या अहवालात म्हटले होते. पुढे अनेक शहरांत 'कम्युनिटी सर्व्हिस ऑफिसर' हे पद आले, परंतु बऱ्याच ठिकाणी ते वाहने उभी करण्याचे नियम पाळले जातात की नाही हे पाहणारे किंवा साध्या तक्रारी नोंदवून घेणारे पद म्हणून स्थिरावले. त्यातून वर चढण्याची जी शिडी मूळ कल्पनेत होती, ती मागे पडली.

या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण मात्र पोलिसांचे नसून रुग्णवाहिकेचे आहे. पेन्सिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग शहरात १९६० च्या दशकापर्यंत अत्यवस्थ रुग्णाला रुग्णालयात नेण्याचे काम पोलिसांच्या गाड्या करत. गाडीत उपचार जवळजवळ नसत, आणि हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीत ती गाडीही वेळेवर येईल याची खात्री नसे. हृदय आणि श्वसन पुन्हा सुरू करण्याच्या तंत्राचे एक प्रवर्तक डॉ. पीटर साफार त्या वेळी पिट्सबर्ग विद्यापीठात भूलशास्त्राचे प्राध्यापक होते. १९६६ मध्ये त्यांची लहान मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. रुग्णालयाबाहेर, पहिल्या काही मिनिटांत मिळणाऱ्या उपचाराचा विचार ते आधीपासून करत होतेच; आता त्यांनी तो प्रत्यक्षात उतरवायचे ठरवले. मॉरिस फॉक वैद्यकीय निधीचे फिल हॅलन आणि हिल डिस्ट्रिक्टमधील फ्रीडम हाउस एंटरप्रायझेस ही संस्था यांच्या साहाय्याने १९६७ मध्ये फ्रीडम हाउस रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. 'नोकरीस अपात्र' असा शिक्का ज्यांच्यावर बसला होता, अशा कृष्णवर्णीय तरुणांना सुमारे ३०० तासांचे प्रशिक्षण देऊन त्यांच्या हाती रुग्णवाहिका सोपवण्यात आली. शरीररचना, प्रथमोपचार, श्वासमार्ग मोकळा ठेवणे, हृदयक्रिया थांबल्यास करावयाचे उपाय हे सारे त्यांना शिकवले गेले. त्यांपैकी काहींचे शालेय शिक्षणही अपुरे होते. १९७० च्या दशकाच्या मध्यास सेवेच्या वैद्यकीय संचालक झालेल्या डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी हा अभ्यासक्रम आणखी कसदार केला, आणि रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांसाठी अमेरिकेत पुढे जो राष्ट्रीय अभ्यासक्रम तयार झाला त्याला याच कामाचा आधार मिळाला.

एवढे यश मिळालेली सेवा १९७५ मध्ये बंद पडली. महापौर पीट फ्लाहर्टी यांच्या प्रशासनाने शहराची स्वतःची रुग्णवाहिका सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाउसचा करार संपुष्टात आणला. तेथील कर्मचारी नव्या सेवेत घेतले गेले खरे, पण नव्या परीक्षा, जुन्या गुन्ह्यांच्या नोंदी आणि दुय्यम कामांवरील बदल्या यांमुळे त्यांच्यातले अनेक जण थोड्याच काळात बाहेर पडले. जे लोक पूर्वी इतरांना शिकवत होते, त्यांनाच आता नवख्या गोऱ्या सहकाऱ्यांच्या हाताखाली काम करावे लागले. जॉन मून यांच्यासारखे मोजकेच टिकले. ते पुढे शहराच्या रुग्णवाहिका सेवेचे सहायक प्रमुख झाले. प्रस्तुत लेखकाच्या मते या इतिहासात आयोगाची गरज स्पष्ट दिसते. प्रशिक्षण उत्तम होते, विद्यार्थी उत्तम होते, गरजही खरी होती. उणीव एकाच गोष्टीची होती : शिकून तयार झालेल्या माणसाला शहराच्या कायम सेवेत कोणत्या अटींवर सामावून घेतले जाईल, हे आधी कोणी लिहून घेतले नव्हते आणि त्या अटी बदलल्या तेव्हा जाब विचारण्याचा अधिकार कोणाकडेही नव्हता.

उमेदवारीची कायदेशीर चौकट अमेरिकेत १९३७ च्या राष्ट्रीय उमेदवारी अधिनियमापासून आहे. या कायद्याखाली नोंदणी झालेल्या उमेदवारीचा ठोकताळा असा, की प्रत्यक्ष कामावर शिकण्याचा कालावधी किमान २,००० तासांचा असावा, त्याच्या जोडीला वर्षाला १४४ तासांचे वर्गातील शिक्षण असावे, कौशल्य वाढेल तसे वेतन वाढत जावे आणि शेवटी देशभर मान्य असलेले प्रमाणपत्र मिळावे. सुतारकाम, वीजकाम यांसारख्या धंद्यांत ही पद्धत मुरलेली आहे. सार्वजनिक सुरक्षेत तिचा सर्वांत यशस्वी वापर कॅलिफोर्नियाच्या अग्निशमन दलांनी केला. तेथे १९८२ मध्ये अग्निशामकांची राज्यस्तरीय संघटना आणि राज्याच्या फायर मार्शलचे (आग प्रतिबंधाचे काम पाहणाऱ्या राज्य अधिकाऱ्याचे) कार्यालय यांनी मिळून संयुक्त उमेदवारी समिती स्थापन केली. कामगार आणि व्यवस्थापन दोन्ही बाजूंनी एकत्र बसून अभ्यासक्रम ठरवायचा, ही तिची रीत. कामगार संघटनेला सुरुवातीपासून सोबत घेतले नाही, तर शिकाऊ उमेदवार म्हणजे स्वस्तात राबवलेला माणूस अशी शंका जुन्या कर्मचाऱ्यांना येते, आणि ती शंका अनाठायी नसते.

वयाचा प्रश्न या क्षेत्रात सर्वांत अवघड आहे. १९३८ च्या राष्ट्रीय श्रमकायद्यानुसार धोकादायक ठरवलेली कामे १८ वर्षांखालील व्यक्तीला देता येत नाहीत. म्हणून शाळकरी मुलांसाठीच्या योजना ओळख आणि सराव एवढ्यापुरत्याच असतात. बॉय स्काउट्स चळवळीशी संलग्न संस्थेकडून चालणारा 'एक्सप्लोरिंग' हा उपक्रम १४ ते २० वर्षे वयोगटासाठी आहे. त्याच्या पोलीस आणि अग्निशमन शाखा देशभर आहेत. दुसरीकडे, काही ठिकाणी कायम नोकरीसाठीचे वय वर सरकले आहे. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२२ पासून नव्याने नेमल्या जाणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांचे किमान वय १८ वरून २१ केले. निर्णयामागचे कारण रास्त होते. बळाचा वापर करण्याचा अधिकार अधिक प्रगल्भ हातात असावा, हा त्याचा हेतू. पण त्यामुळे अठराव्या वर्षी शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या आणि या कामाची ओढ असणाऱ्या मुलापुढे तीन वर्षांची पोकळी उभी राहिली. या तीन वर्षांत तो गोदामात किंवा दुकानात नोकरीला लागतो आणि बहुधा परत येत नाही. सामुदायिक महाविद्यालयातले (शाळेनंतर साधारण दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या स्थानिक सार्वजनिक महाविद्यालयातले) शिक्षण, पगारी कॅडेटपद (दलातले शिकाऊ पद) आणि दूरध्वनी कक्षातले किंवा आग प्रतिबंधक तपासणीतले काम यांची सांगड घालून ही पोकळी भरणे, हे अशा आयोगापुढचे पहिले काम ठरते.

आयोग स्थापन करण्याचे तीन मार्ग आहेत : शहराच्या सनदेत, म्हणजे कारभाराच्या मूळ कायद्यात, मतदारांच्या संमतीने दुरुस्ती करणे, स्थानिक कायदा करणे किंवा सिटी काउन्सिलने (शहराच्या निर्वाचित सभागृहाने) साधा ठराव करणे. ठराव लवकर होतो आणि तितक्याच सहज रद्दही होतो. सनदेतली तरतूद टिकाऊ असते. याचे उत्तम उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोच्या युवा आयोगाचे आहे. १९९५ मध्ये मतदारांनी सनददुरुस्ती मंजूर करून तो स्थापन केला. त्याचे १७ सदस्य १२ ते २३ वर्षे वयाचे असतात. शहराच्या सभागृहातील ११ सदस्य प्रत्येकी एक सदस्य नेमतात आणि उरलेल्यांची नेमणूक महापौर करतात; त्यांतील काही जागा एरवी दुर्लक्षित राहणाऱ्या समाजगटांतील मुलांसाठी असतात. मुलांवर मुख्यत्वे परिणाम करणारे प्रस्ताव अंतिम निर्णयाआधी या आयोगाकडे अभिप्रायासाठी येतात. सल्ला बंधनकारक नसतो. तरी निर्णयाआधी विचारणे सक्तीचे केल्यामुळे त्याला जे वजन येते, ते केवळ वार्षिक अहवाल सादर करणाऱ्या मंडळाला येत नाही. कॅलिफोर्नियात औपचारिकपणे स्थापन झालेल्या सल्लागार मंडळांनाही १९५३ चा खुल्या बैठकांचा ब्राउन अधिनियम लागू होतो, आणि नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी जाहीर करावी लागते.

सदस्यांमध्ये अग्निशमन, पोलीस आणि रुग्णवाहिका सेवा यांचे प्रतिनिधी, शाळा व सामुदायिक महाविद्यालये, कामगार संघटना आणि रोजगार प्रशिक्षणाचे स्थानिक मंडळ यांचा समावेश असणे स्वाभाविक आहे. रोजगार मंडळाचे स्थान पैशामुळेही महत्त्वाचे ठरते. २०१४ च्या केंद्रीय कायद्याने युवकांसाठीच्या स्थानिक निधीपैकी किमान २० टक्के रक्कम कामाच्या प्रत्यक्ष अनुभवावर खर्च करण्याचे बंधन घातले आहे, आणि उमेदवारीपूर्व प्रशिक्षण त्यात बसते. तरुण सदस्यांच्या जागा शोभेपुरत्या राहू नयेत म्हणून किमान दोन-तीन जागा योजनेत सध्या शिकत असलेल्यांना आणि एखादी तरी जागा ती अर्धवट सोडून गेलेल्याला द्यावी. सोडून गेलेला उमेदवार जे सांगतो, ते कोणत्याही विभागप्रमुखाच्या अहवालात सापडत नाही. बैठका शाळेच्या वेळेत ठेवल्या किंवा प्रवासखर्च दिला नाही, तर ज्यांच्यासाठी आयोग आहे तीच मुले गैरहजर राहतात.

अल्पवयीनांची सुरक्षितता हा भाग कोणत्याही आयोगाने पहिल्याच बैठकीत हाती घ्यावा, इतका गंभीर आहे. पोलिसांच्या एक्सप्लोरर शाखांमध्ये अधिकाऱ्यांनी किशोरवयीन मुलामुलींचे लैंगिक शोषण केल्याची प्रकरणे अनेक राज्यांत उघडकीस आली असून काहींत शिक्षाही झाल्या आहेत. गणवेशातल्या माणसाविषयीचा आदर आणि पुढच्या नोकरीची आशा यांमुळे मूल तक्रार करत नाही. गस्तीच्या गाडीत एकटा अधिकारी आणि एकटे मूल असू नये, संदेशांची देवाणघेवाण पालकांना दिसेल अशीच व्हावी आणि तक्रार त्याच विभागाकडे न जाता विभागाबाहेरच्या व्यक्तीकडे जावी, हे नियम स्थापनेच्या कायद्यातच लिहिणे इष्ट. विभागाच्या अंतर्गत नियमावलीत ते असले, तर नवा प्रमुख ते बदलू शकतो. आयोगाला शिस्तभंगाची कारवाई करता येत नाही, पण तक्रारींची संख्या, त्यांवर लागलेला वेळ आणि निकाल हे नावे वगळून जाहीर करण्याची मागणी तो करू शकतो. त्याच जोडीला किती उमेदवार दाखल झाले, किती टिकले, किती जणांना कायम नेमणूक मिळाली आणि ते कोणत्या वस्त्यांतले होते, हे आकडे दरवर्षी मागवण्याचा अधिकार त्याला असला पाहिजे. पिट्सबर्गमध्ये १९७५ नंतर हे आकडे दरवर्षी उघडपणे मांडावे लागले असते, तर फ्रीडम हाउसचे कर्मचारी एकेक करून कमी होत असल्याचे शहराला वेळीच दिसले असते.